वस्तऱ्याची दाढी आणि खंडाळ्याची हवा

ह्या सदरांत आजवर आम्ही बहुधा गृहिणींच्या उपयोगाच्या गोष्टी लिहीत आलों. लोणच्याच्या बरण्या झाल्या, तांब्यापितळेचीं भांडीं झालीं, पावसाळ्यांतील कपडे वाळविणें झालें. घरांतील पुरुषमंडळींच्या नित्य व्यवहारांतील एखादा विषय कां घेऊं नये, अशी पृच्छा अधूनमधून होत असते, आणि ती रास्तहि आहे. खंडाळ्याहून आलेल्या एका पत्रानें ह्या वेळीं तसा योग जुळवून आणला.

पत्र लिहिणारे सद्‌गृहस्थ नोकरींतून निवृत्त झालेले असून पावसाळ्याचे दोन महिने खंडाळ्यास काढण्याचा त्यांचा परिपाठ आहे. वडिलांच्या पेटींतील जुना वस्तरा त्यांनीं हौसेनें वापरावयास घेतला. पुण्यास असतां तो बरा चाले. खंडाळ्यास येऊन आठ दिवस होतात न होतात तोंच तो ओरबाडूं लागला, गालांची आग होऊं लागली, आणि एके दिवशीं हनुवटीखालीं चांगलेंच कापलें. वस्तरा जुना झाला, कीं आपला हात बिघडला, कीं ही सारी यातायातच व्यर्थ आहे, असें त्यांनीं विचारलें आहे.

आमचें उत्तर थोडक्यांत असें, कीं वस्तरा बहुधा जुना झालेला नाहीं आणि हातहि बिघडलेला नाहीं. खंडाळ्याचें पावसाळी पाणी वस्तऱ्याच्या दाढीस जितकें अनुकूल, तितकीच तेथील हवा त्याच्या धारेस प्रतिकूल आहे. पाण्याचा फायदा घेतला आणि हवेपासून धार राखली, तर खंडाळ्यासारखी सुखाची दाढी अन्यत्र होणें कठीण. परंतु हें समजण्यास केस, पोलाद, पाणी आणि हात ह्या चार गोष्टींचा क्रमानें विचार केला पाहिजे.

दाढीचा केस वस्तऱ्याच्या पोलादाच्या मानानें सुमारें ५० पट मऊ असतो. मग इतक्या मऊ वस्तूनें इतकें कठीण पोलाद बोथट व्हावें तरी कसें? अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंतील संशोधकांनीं ह्या कोड्याचा छडा लावून तो २०२० सालीं प्रसिद्ध केला. सूक्ष्मदर्शकाखालीं केस कापून पाहतां त्यांस असें दिसलें, कीं धार नुसती झिजून गोल होते ही समजूत पुरती खरी नाहीं. धारेचे बारीक बारीक टवके उडतात. केस वांकूं शकेल अशा रीतीनें तिरपा धारेखालीं आला, आणि नेमकी त्याच जागीं पोलादाच्या घडणींत विषमता असली, म्हणजे टवका उडण्याचा संभव फार वाढतो. तेव्हां ओरबाडणारा वस्तरा हा पुष्कळदां झिजलेला नसून त्यास डोळ्यांना न दिसणारे दांते पडलेले असतात. असे दांते गंजानेंहि पडतात, आणि खंडाळ्याच्या पत्रांतील दुखण्याचें मूळ आमच्या मतें तेथेंच आहे. त्याकडे आम्ही पुढें वळूंच.

जुन्या वस्तऱ्याचें पातें कर्बयुक्त पोलादाचें असतें. हें पोलाद अत्यंत बारीक धार घेतें आणि ती टिकवितेंहि, परंतु गंजण्यास त्याला वेळ लागत नाहीं. इंग्लंडांतील शेफील्ड आणि जर्मनींतील झोलिंगेन हीं गांवें अशा वस्तऱ्यांसाठीं जगभर प्रसिद्ध झालीं. ह्या विद्येंत आपल्या देशाचाहि वांटा आहे, तो वाचकांस ठाऊक असावा. १७९४ सालीं मुंबईचे डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनीं 'वूट्झ' ह्या नांवानें ओळखलें जाणारें देशी पोलाद लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठविलें. पुढें विजेच्या शोधांमुळें विख्यात झालेले मायकेल फॅरेडे ह्यांनीं जेम्स स्टोडार्ट ह्या शस्त्रकारागिरासह त्या पोलादावर प्रयोग केले, आणि आपल्या प्रयोगांतून सिद्ध झालेल्या पोलादाचे वस्तरे मित्रांस भेट म्हणून दिले. तेव्हां वडिलांच्या पेटींतून निघालेला वस्तरा ही कांहीं टाकाऊ वस्तु नव्हे. पात्यास तडा गेलेला नसेल आणि गंज धारेंत खोल उतरलेला नसेल, तर तो अजून एक पिढी सहज चालेल.

आतां पाण्याविषयीं. दाढी सुखाची होणें न होणें हें निम्म्याहून अधिक वस्तरा गालास लागण्यापूर्वींच ठरून जातें. केस पाणी पितो आणि फुगून मऊ होतो. मात्र त्याला दोन ते तीन मिनिटांचा अवधि द्यावा लागतो. साबण लावला कीं लगेच वस्तरा चालविणारा मनुष्य कोरडेच केस कापीत असतो, आणि मग दोष वस्तऱ्यास देतो. म्हणून प्रथम ऊन पाण्यानें तोंड धुवावें, ऊन पाण्यांत पिळलेला पंचा तीन मिनिटें गालांवर धरावा, आणि नंतरच फेस लावावा. स्नानानंतर दाढी केल्यास हें काम आपोआप होतें. परंतु आपल्यांतील पुष्कळ घरांतून श्मश्रू आधीं आणि स्नान नंतर, असा क्रम आहे. तो मोडण्याचें कांहींच कारण नाहीं. ऊन पंच्यानें तेंच साधतें.

पाणी कोणतें, हेंहि महत्त्वाचें आहे. देशावरील विहिरींचें पाणी पुष्कळ ठिकाणीं जड असतें. त्यांतील चुन्याच्या अंशाशीं साबणाचा संयोग होऊन चिकट साका तयार होतो आणि फेस येतां येतां बसतो. पावसाचें पाणी ह्याच्या उलट अगदीं हलकें. खंडाळ्यास तर आषाढश्रावणांत पागोळ्यांखालीं घागर ठेवण्याचाच अवकाश. पहिल्या चार सरींनीं छप्पर धुवून निघालें, म्हणजे पुढचें पाणी फडक्यानें गाळून घ्यावें आणि वाटीभर ऊन करावें. ह्या पाण्यांत साबण थोडा लागतो आणि फेस दाट होतो. हा फेस घुसळलेल्या दह्यासारखा घट्ट व ओलसर असावा. कपडे धुतांना येतो तसा फुग्यांचा व हवेचा नसावा. ब्रश गालावर गोल गोल फिरवावा, म्हणजे झोपलेले केस उभे राहतात आणि त्यांच्या मुळांपर्यंत ओल पोंचते.

आतां हात. नवशिका मनुष्य वस्तऱ्याला भितो, आणि भीतीमुळें दोनपैकीं एक चूक करितो. एक तर तो वस्तरा गालावर दाबतो, नाहीं तर तो फार उभा धरतो. धारेचा वस्तरा दाबावयाचा नसतोच. त्याचें स्वतःचें वजन पुरे होतें. जोर करावासा वाटला, कीं समजावें, धार गेली आहे किंवा केस भिजलेला नाहीं. दोहोंवर उपाय जोर हा नव्हे. पातें आणि गाल ह्यांमध्यें सुमारें ३० अंशांचा कोन असावा. मोजण्याची सोपी युक्ति अशी, कीं वस्तऱ्याची पाठ तिच्या स्वतःच्या जाडीच्या दुप्पट अंतरावर गालापासून राहावी. ह्याहून उभा धरल्यास कापतो, अगदीं पालथा धरल्यास केस ओढतो. आणि सर्वांत जपण्याची गोष्ट म्हणजे वस्तरा धारेच्या लांबीच्या दिशेनें कधींहि सरकवूं नये. विळीवर भाजी चिरतांना आपण ती पुढेंमागें ओढतों आणि म्हणूनच ती चिरली जाते. गालावर तोच प्रयोग केल्यास गाल चिरला जाईल. धारेशीं काटकोन करूनच हात चालावा.

डाव्या हाताचें कामहि उजव्या हाताइतकेंच आहे. तो कातडी ताणून धरतो. सैल कातडीवर चांगल्यांतला चांगला वस्तराहि अडखळतो. उजव्या गालावर वस्तरा चालत असतां डावा हात डोक्यावरून घेऊन कानशिलाजवळची कातडी वर ओढावी. हनुवटीखालीं मान मागें टाकून कातडी खालीं ताणावी. साबणानें बोटें निसटतात, म्हणून न्हावी ओल्या तुरटीवर बोट फिरवून घेतात. तें आपणहि करावें. कंठमण्यावर कातडी बाजूस ओढून ती सपाट जागीं आणावी, आणि मगच तेथें वस्तरा लावावा.

केसांचा रोख प्रत्येकाचा निराळा असतो. गालांवर तो बहुधा वरून खालीं असतो, परंतु गळ्यावर तो कधीं आडवा, कधीं खालून वर आणि कित्येकांच्या बाबतींत भोंवऱ्यासारखाहि असतो. दोन दिवसांचे खुंट वाढले असतां बोट फिरवून हा रोख एकदां नीट पाहून ठेवावा. पहिला हात सर्वत्र सुलट, म्हणजे केसांच्या रोखानें. गाल आधीं घ्यावे, मग गळा, आणि मिशीची जागा व हनुवटी शेवटीं. कारण तेथील केस सर्वांत राठ असून त्यांना भिजण्यास अधिक वेळ मिळावयास हवा. गुळगुळीत दाढी पाहिजे असल्यास पुन्हा फेस लावून दुसरा हात आडवा फिरवावा. उलट हात मारण्याचा मोह शक्य तों आवरावा. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांनीं तर तो टाळावाच. कारण कातडीच्या पातळीखालीं कापला गेलेला केस वाढतां वाढतां आंतल्या आंत वळतो आणि पुटकुळ्या उठतात. सकाळीं गुळगुळीत झालेली हनुवटी चार दिवस दुखत राहिली, तर त्या गुळगुळीतपणाचा उपयोग काय?

प्रथम शिकणाऱ्यानें पहिला आठवडाभर दोन गालच वस्तऱ्यानें करावे आणि बाकीचें काम सेफ्टी रेझरवर सोपवावें. दुसऱ्या आठवड्यांत गळा, आणि हनुवटी सर्वांच्या शेवटीं. दाढी झाल्यावर थंड पाण्यानें तोंड धुवावें, ओली तुरटी फिरवावी, मिनिटभरानें ती धुवून टाकावी. तुरटी रक्त थांबविते, आणि शिवाय एक परीक्षाहि करून देते : जेथें ती चरचरते तेथें हाताचा जोर अधिक पडला, असें समजावें आणि दुसऱ्या दिवशीं तेथें हात हलका करावा.

धारेची निगा हा विषय मात्र सावकाश वाचण्याजोगा आहे. पट्टा आणि निसणा ह्या दोहोंचीं कामें भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत पुष्कळ करितात. निसणा पोलाद घासून नवी धार काढतो. त्याचें काम कांहीं महिन्यांतून एकदां. चामड्याचा पट्टा पोलाद जवळजवळ काढीत नाहीं. तो वाकलेली धार सरळ व स्वच्छ करितो, आणि त्याचें काम प्रत्येक दाढीपूर्वीं. पट्टा ताणून धरावा, वस्तरा त्यावर सपाट ठेवावा, आणि पाठ पुढें व धार मागें अशा रीतीनें तो ओढावा. टोकास पोंचल्यावर वस्तरा पाठीवर उलटावा, धारेवर कधींहि उलटूं नये. धारेवर उलटल्यास पट्टाहि कापतो आणि धारहि जाते. जाऊन येऊन तीसचाळीस फेरे पुरे होतात. येथेंहि जोर नको. पट्ट्याला पोट आलें, म्हणजे धार गोल होते.

ही कांहीं पाश्चात्यांकडून आलेली विद्या नव्हे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत शस्त्रांविषयीं जें सांगितलें आहे, तें वस्तऱ्यासहि तंतोतंत लागू पडतें. धार लावण्याचा दगड गुळगुळीत आणि उडदाच्या रंगाचा असावा, लावलेली धार टिकावी म्हणून सांवरीच्या लांकडाचा फळा वापरावा, आणि शस्त्र केस कापूं लागलें म्हणजे तें कामास योग्य झालें असें समजावें, असा तेथील अभिप्राय आहे. दगडानें धार काढणें आणि मऊ वस्तूनें ती राखणें हा भेद त्या काळींहि पूर्ण उमगलेला होता. आमच्या गृह्यसूत्रांतहि चौलाच्या वेळीं वस्तऱ्यास उद्देशून ह्या बालकास इजा करूं नकोस अशी प्रार्थना सांगितलेली आहे. धारेचें भय आणि धारेची गरज हीं दोन्ही आपल्या पूर्वजांनीं एकाच वेळीं ओळखलीं होतीं.

आतां खंडाळ्याची हवा. खंडाळें हें सह्याद्रीच्या ऐन कड्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ५५० मीटर उंचीवर वसलेलें. कोंकणांतून येणारे पावसाळी वारे येथें डोंगरास थडकून वर चढतात आणि थंड होऊन कोसळतात. १८६३ सालीं बोरघाटांतून आगगाडी सुरू झाल्यापासून मुंबईपुण्याची मंडळी येथें हवा पालटण्यास येत आलीं आहेत. परंतु हवापालट माणसास मानवतो तसा पोलादास मानवत नाहीं. श्रावणांत येथें पापड सादळतात, मीठ पाझरतें, आगपेटीच्या काड्या पेटत नाहींत आणि चामड्याच्या चपलांवर एका रात्रींत बुरशी चढते. लोखंडास गंज चढण्यासाठीं तें पाण्यांत बुडावें लागत नाहीं. हवेंतील आर्द्रता शेंकडा साठसत्तराच्या वर गेली, म्हणजे पुरे. खंडाळ्याच्या पावसाळ्यांत ती दिवसेंदिवस त्याहून पुष्कळ वर असते. वस्तऱ्याची धार केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाहूनहि बारीक. विळ्याकोयत्यावर जो गंज दिसतहि नाहीं, तेवढा ह्या धारेचा नाश करण्यास पुरेसा होतो. पुण्यास महिनाभर टिकणारी धार खंडाळ्यास आठ दिवसांत कां जाते, ह्याचें उत्तर हें असें आहे.

उपाय सोपे आहेत, मात्र ते रोज केले पाहिजेत. दाढी झाल्यावर वस्तरा धुवावा आणि मऊ सुती कापडानें पाठीकडून धारेकडे पुसावा. मुठींतील फटींत पाणी राहूं देऊं नये. मग तो पट्ट्यावर पांचसहा वेळां कोरडाच फिरवावा, म्हणजे धारेवरील उरलीसुरली ओल निघून जाते. ह्यानंतर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब बोटावर घेऊन पात्यास पुसटसा हात द्यावा. खोबरेल तेल ह्या कामीं घेऊं नये. तें थंडींत गोठतें आणि कालांतरानें खवट होतें. न्हाणीघरांत वस्तरा कधींहि ठेवूं नये, मग तेथील फळी कितीहि सोयीची असो. चामड्याच्या म्यानांतहि तो ठेवूं नये, कारण चामडें ओल धरून ठेवतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत, आणि औषधांच्या बाटल्यांतून ओल शोषण्यासाठीं ज्या लहान पुड्या येतात त्यांपैकीं एकदोन सोबत घालून, तो ठेवावा. पट्ट्यावर बुरशी येते, म्हणून तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर चुलीपासून बेताच्या अंतरावर टांगावा. आणि डबा मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा जागीं असावा, हें वेगळें सांगावयास नकोच.

ह्याच मावळांत ह्याच पावसाशीं झगडून वस्तरा राखणारीं माणसें दोन हजार वर्षांपूर्वींहि होतीं, हें सांगितल्यास वाचकांस कौतुक वाटेल. खंडाळ्याहून थोड्याच अंतरावर कार्लें आणि भाजें येथील लेणीं आहेत. तेथें राहणाऱ्या बौद्ध भिक्षूंच्या अष्टपरिष्कारांत, म्हणजे जवळ बाळगण्यास अनुमति असलेल्या आठ वस्तूंत, तीन चीवरें, पात्र, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळण्याचें साधन ह्यांच्याबरोबर वस्तराहि असे. केस दोन अंगुळांहून अथवा दोन महिन्यांहून अधिक वाढूं देऊं नयेत, असा त्यांच्या विनयाचा नियम. त्याच ग्रंथांत वस्तरा पाजवण्याच्या दगडास अनुमति आहे, आणि सुया गंजूं नयेत म्हणून त्यांच्या नळींत कोणतें चूर्ण भरावें ह्याचीहि चर्चा आहे. पावसाचे महिने भिक्षूंनीं एका जागीं राहून काढावयाचे असत. सर्वस्व सोडून आलेल्या माणसासहि पावसाळ्यांत गंजाची चिंता करावी लागे. मग आपल्यासारख्या संसारी माणसानें ती कमीपणाची कां मानावी?

आरोग्याच्या दृष्टीनें एक नियम मात्र अपवादाशिवाय पाळला पाहिजे. वस्तरा एकाचाच असावा. बाप, लेक आणि भाऊ ह्यांनीं एक वस्तरा वापरण्याची जुनी रीत आज मुळींच चालावयाची नाहीं. यकृताची सूज आणणारे 'ब' व 'क' प्रकारचे विषाणु, तसेंच एड्सचा विषाणु हे रक्तावाटे जातात, आणि दाढी करतांना डोळ्यांना न दिसणारीं सूक्ष्म कापणीं नेहमींच होतात. ह्यांपैकीं 'ब' प्रकारचा विषाणु तर वाळलेल्या रक्तांतहि निदान सात दिवस जिवंत राहूं शकतो. म्हणून वडिलार्जित वस्तराहि प्रथम जाणत्याकडून स्वच्छ व नव्या धारेचा करून घ्यावा, आणि नंतर तो एकट्यानें वापरावा. दुकानांत दाढी करवितांना आपल्या डोळ्यांदेखत नवें पातें बसविण्यास सांगावें. त्यांत संकोच नको, चांगला कारागीर तें न सांगतांच करितो. मधुमेह असलेल्यांनीं, रक्त पातळ करणारें औषध घेणाऱ्यांनीं आणि ज्यांचा हात कांपतो अशांनीं उघड्या वस्तऱ्याच्या वाटेस जाऊं नये.

आतां हें सारें शिकावयाचें कोणाजवळ? लेख वाचून पोहतां येत नाहीं, तसेंच लेख वाचून वस्तराहि चालवितां येत नाहीं. आमचें उत्तर एकच आहे : न्हाव्याजवळ. हें उत्तर लिहितांना आपल्या समाजाकडे थोडें वळून पाहणें प्राप्त आहे. गांवच्या बलुतेदारांपैकीं एक म्हणून तो ओटीवर येई. घरांतील कर्ते पुरुष त्याच्यापुढें मान करून निःशंकपणें गळा देत. आणि तो गेल्यावर क्षौराचें अशुचित्व त्याच्या कसबासहि चिकटवीत. ज्याच्या हातीं आपण गळा देतों त्याची योग्यता हलकी कशी, हा प्रश्न फारसा कोणास पडला नाहीं. वस्तुतः बुद्धाच्या शिष्यांत विनयाचा श्रेष्ठ जाणकार मानला गेलेला उपाली हा जातीनें न्हावीच होता, आणि वारकऱ्यांच्या संतमालिकेंत सेना महाराजांचें स्थान सर्वांस ठाऊक आहे.

त्याहून जवळचें उदाहरण १८९० सालचें आहे. विधवांच्या केशवपनाची चाल आपल्याच पांढरपेशा घरांतून होती. सुधारणेच्या सभा भरत होत्या, लेख निघत होते, आणि घरोघर तरुण मुलींच्या डोक्यांवर वस्तरा फिरतच होता. त्या सालीं मुंबईच्या न्हाव्यांनीं, सत्यशोधक समाजाचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या प्रेरणेनें, एकत्र जमून विधवांच्या मस्तकावर वस्तरा चालवावयाचा नाहीं असा निश्चय केला. हें काम त्यांच्या मिळकतीचा भाग होतें. शिकल्यासवरल्या घरांतील पुष्कळांना जें धैर्य झालें नाहीं, तें हातावर पोट असलेल्या कारागिरांनीं दाखविलें. वस्तरा कसा चालवावा हें आम्ही वर विस्तारानें सांगितलें. तो कोठें चालवूं नये, हें त्यांनीं आपणांस सांगितलें. ही दुसरी शिकवण पहिलीहून मोठी आहे.

आज बहुतेक दुकानांतून अर्धें पातें बसविण्याचा वस्तरा वापरतात, आणि आरोग्याच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. परंतु त्यामुळें निसण्यावर खरी धार काढणारे हात कमी होत चालले आहेत. २०२० सालच्या साथींत दुकानें बंद होतीं. जूनअखेर महाराष्ट्रांत तीं उघडण्यास परवानगी मिळाली, तीहि प्रथम केस कापण्यापुरतीच, दाढीसाठीं नव्हे. त्या दिवसांत पुष्कळ घरांतील मंडळींस प्रथमच कळून आलें, कीं हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं आणि तें करणाऱ्याचें पोट रोजच्या कामावर चालतें. आपल्या पेठेंत जुन्या धारेचा जाणकार अजून असेल, तर त्याच्याकडे वस्तरा घेऊन जावें, चार दिवस त्याच्यासमोर बसून हात कसा चालतो तें पाहावें, आणि ह्या शिकवणीचा मोबदला दाढीच्या दरानें न देतां शिकवणीच्या दरानें द्यावा. त्यास अहो म्हणावें, हेंहि त्यांतच आलें.

राहतां राहिला शेवटचा प्रश्न, कीं ही यातायात करावी कीं नाहीं. ज्यांना सकाळची गाडी गांठावयाची आहे, त्यांनीं सेफ्टी रेझर खुशाल वापरावा. अमेरिकेच्या किंग कॅम्प जिलेट ह्यांना १९०४ सालीं त्याचें पेटंट मिळालें तें घाईंत असलेल्या माणसासाठींच, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु ज्यांना आठवड्यांतून दोन दिवस अर्धा तास मोकळा आहे, हात स्थिर आहे, आणि वडिलांचा वस्तरा पेटींत पडून आहे, त्यांनीं तो गंजूं देऊं नये. टाकाऊ पातीं केरांत जात नाहींत, केर भरणाऱ्याचा हात कापत नाहीं, आणि रोज एक गोष्ट तरी दाब न देतां, सावकाश करण्याची संवय लागते. खंडाळ्याच्या आमच्या वाचकांनीं वस्तरा प्रथम निसण्यावर देऊन घ्यावा, पागोळ्यांचें पाणी ऊन करावें, आणि तेलाची बाटली न विसरतां जवळ ठेवावी.

पुढील अंकीं पावसाळ्यांत पुस्तकांस लागणारी कसर आणि बुरशी ह्यांविषयीं लिहूं.